काचेखालची स्वरदा

३ फेब्रुवारी

आले एकदाची परभणीत! माणिकरावांचं वर्कशॉप जिंतूर रोडला आहे. जुनी पिनबॉलची यंत्रं आणून ते लाकडी फळीच्या जागी टीव्हीचा पडदा बसवतात. वर खरी पोलादी गोळी धावते, खाली चित्र हलतं. गोळी लागेल तिथलं चित्र विझवायचं, एवढं प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. काम मजेचं आहे, चहा मात्र पाकासारखा गोड. जम बसला की स्वरदाला ताडकळसहून, आईकडून, इथल्या शाळेत आणायचं. लेक सहा वर्षांची आहे. रोज फोनवर भांडते. माणिकराव म्हणाले, आणा की लेकराला, आमचं घर लय मोठं हाय.

५ फेब्रुवारी

चाचणीला चित्र हवं होतं, म्हणून मीच कॅमेऱ्यासमोर उभी राहून हात हलवला. माणिकराव खेळले. गोळी माझ्या उजव्या हातावर आपटली आणि हात विझला. दोघंही पोट धरून हसलो.

संध्याकाळपासून त्या हाताला मुंग्या आहेत. दिवसभर वायरींचं सोल्डरिंग केलं की व्हायचंच.

८ फेब्रुवारी

सोल्डरिंगची तापलेली सळई बोटाला चिकटली. वास आला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणतात, नस दबली असेल. घाबरायला हवं होतं, पण आतूनही काही हललं नाही. आता डाव्या हाताने लिहितेय.

खेळाचं खरं चित्र आज बसवलं: स्वरदाचा गॅदरिंगचा नाच. गोळी परत वर उडवणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या, फ्लिपरच्या, मधून पडली की सगळी स्वरदा एकदम काळी होते. माणिकरावांना फार आवडलं. उद्यापासून खेळून बघणार आहेत.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. पोरगी काल दुपारपासून डावा पाय टेकवीना, चिमटा काढला तरी तिला कळंना, म्हणाली.

यंत्रातली नोंद बघितली. काल दुपारी गोळी स्वरदाच्या डाव्या पायाला लागली होती. फ्लिपरच्या मधून अजून एकदाही खाली पडलेली नाही. माणिकरावांना सांगितलं. ते हसले. मग माझं जळलेलं बोट बघून त्यांनी यंत्र बंद केलं, काचेला कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली.

११ फेब्रुवारी, दुपार

व्हिडिओ पुसला — नाचतेच आहे. वायर काढली — पडदा चालूच. गोळी आपोआप सुटली.

उजव्या हाताने फ्लिपरचं बटण दाबून धरलंय. गोळी त्यावर थांबलीय. काचेच्या कुलपाची किल्ली आणायला माणिकराव घरी गेलेत.

बधिरपणा गळ्यापर्यंत आलाय. जीभ वळत नाही, म्हणून लिहितेय — आल्या आल्या काच उघडा. गोळी उचला. मला नंतर बघा.

एकाच पायावर नाचतेय. मला रडू यायला हवं. येत नाही —

बोट बटणावर आहे की नाही, बघितल्याशिवाय कळत नाही. वहीकडे बघितलं की —

बघितलं. आहे.

माणिकराव, आधी गोळी —

आहे.

आधी गो