प्रथमोपचारक, तिसरा मजला

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.३०
ऑफिसात प्रथमोपचाराचं एक दिवसाचं ट्रेनिंग. प्रत्येक मजल्यावरून एक माणूस. तिसऱ्यावरून मी. (साहेबांनी कोण जाणार विचारलं तेव्हा बाकीचे सगळे फायलींत तोंड घालून बसले, पण तो भाग गौण.) शिकवायला एक नर्सबाई. रबरी पुतळ्याची छाती दाबायची, नीट दाबली की टक् असं वाजतं. माझं वाजलं नाही. बाई म्हणाल्या, असं दाबलंत तर पेशंटला वाटेल चहाला उठवताय. माझ्या हाताला मुळातच मार्दव आहे, रबराला काय कळणार.
हिरवा बिल्ला मिळाला. 'प्रथमोपचारक, तिसरा मजला.' बायकोने विचारलं, दुसऱ्या मजल्यावर कोणी पडलं तर? बिल्ला शर्टाला लावून आरशात बघितला.
संकल्प: आजपासून सदैव तत्पर.

४ मार्च, मंगळवार
बिल्ला लावून मजल्यावर तीन फेऱ्या. कोणाला काही होईना. टायपिस्टबाईंना शिंक आली, धावलो. त्या म्हणाल्या, सर्दी आहे.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ४
रेकॉर्ड रूममध्ये बसून लिहितोय. दार आतून लावलंय. एसीमुळे.
दीडच्या सुमारास ऑफिससमोर फुटपाथवर बसणाऱ्या किल्लीवाल्या काकांना रस्ता ओलांडताना स्कूटरने उडवलं. स्कूटरवाल्याने मागे वळून बघितलं आणि सुसाट पळाला. नंबर मी वाचला. शेवटचे आकडे ४४१७. काका उताणे पडलेले, मांडीतून भळभळ रक्त. सगळ्यांत आधी मी पोचलो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचं जरा गुंतागुंतीचं आहे.
पाय दाबला आणि कायमचा अधू झाला तर? ज्याने उचललं त्यानेच उडवलं, असं लोक म्हणायला कमी करत नाहीत. मग पोलीस, जबाब, तारखा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. शिवाय जखमीला आधी परवानगी विचारा, असं शिकवलं होतं. विचारली. काका नुसते कण्हले. कण्हणं म्हणजे होकार की नकार, हे शिकवायचं राहून गेलं होतं. आणि मुळात हा रस्ता. माझा मजला तिसरा.
तेवढ्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली धावत आली. कोणाचा तरी नुकता इस्त्री केलेला शर्ट घडी करून जखमेवर गच्च दाबून बसली. मला म्हणाली, भाऊ, हात लावा की जरा, का बिल्ला नुसता मिरवायला आणलाय? मी बिल्ला काढून खिशात ठेवला. मग म्हणाली, निदान अ‍ॅम्ब्युलन्सला तरी फोन करा. माझा नंबर तिकडे कायमचा नोंदला जाईल, हे त्या बाईच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. शेजारच्याला फोन करायला लावला. म्हणजे नेतृत्व माझंच.
सायरन लांबून ऐकू आला तशी वाट मोकळी करायला मागे सरकलो. सरकत सरकत तिसऱ्या मजल्यापर्यंत.

त्याच दिवशी, ८ वाजता
घरी सगळं सांगितलं. बायकोने विचारलं, आणि तुम्ही काय केलंत? म्हणालो, परिस्थितीवर लक्ष ठेवलं. मुलगी नववीत आहे, तिला मध्ये बोलायची सवय. म्हणाली, बाबा, चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कोणी त्रास देत नाही, नावसुद्धा सांगावं लागत नाही, तुम्हीच ट्रेनिंगहून आणलेल्या पत्रकात लिहिलंय, मागच्या बाजूला.
मी पुढची बाजू वाचली होती.

७ मार्च, शुक्रवार
स्कूटरचा नंबर कोणी पाहिला का, विचारायला पोलीस ऑफिसात आले. मी रेकॉर्ड रूमच्या मागच्या कपाटाआड होतो. जुन्या फायली लावायच्या राहिल्याच होत्या. चाळीस मिनिटं लावल्या.
काकांना बारा टाके पडले म्हणे. बाईने दाबून धरलं नसतं तर कठीण होतं, असं शिपाई सांगत होता. डबा तसाच परत आणला.

९ मार्च, रविवार
असं पुन्हा होऊ नये म्हणून संमतीपत्राचा मसुदा केला. तीन प्रतींत. बायकोने वाचून विचारलं, बेशुद्ध माणसाने सही कुठे करायची? खाली अंगठ्याची सोय केली. तिने कागद परत दिला. ती बोलते तेव्हा परवडतं.

१२ मार्च, बुधवार
ऑफिसला पलीकडच्या गल्लीतून जातो. दहा मिनिटं जास्त, पण चालणं तब्येतीला चांगलं. कपडे घरीच इस्त्री करतो. आज एक बाही जळाली.

१४ मार्च, शुक्रवार
फोनचा पिन बदलायचा होता. बोटांनी आपोआप ४४१७ दाबलं.
संकल्प: उद्या पोलीस चौकी. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १
गेलो. दोन रुमाल, टूथब्रश बरोबर. विम्याचे कागद कुठे आहेत ते बायकोला सांगून ठेवलं. ती म्हणाली, येताना ब्रेड आणा.
चौकीत एक हवालदारबाई होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी, स्वेच्छेने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, अशी सुरुवात करून स्कूटरपर्यंत पोचलो. त्या म्हणाल्या, चार चार एक सात ना? ते ऑफिसात विचारून खाली उतरलो तेव्हाच इस्त्रीवालीने सांगितलं. माणूस दुसऱ्याच दिवशी सापडला. मग त्यांनी सहज विचारलं, तुम्ही होतात का तिथे? काही मदत केलीत?
म्हणालो, बघत होतो.
त्यांनी काही लिहून घेतलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं. सुंठीवाचून खोकला गेला, आनंद व्हायला हवा होता. ब्रेड विसरलो.

१९ मार्च, बुधवार
काका परत आले. कुबडी बाजूला, पाय स्टुलावर. लंचमध्ये मुद्दाम गेलो. सगळं कबूल करायचं, घरून ठरवून निघालो होतो. तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलायला लागले. म्हणाले, मला फारसं आठवत नाही हो. त्या बाईचा हात आठवतो, किती जोरात दाबत होती. आणि ऊन. सरळ डोळ्यांत. पण कोणीतरी अगदी डोक्याशी उभा होता, त्याची सावली तोंडावर पडली होती. काय बरं वाटलं म्हणून सांगू. तेवढ्यावर तग धरला. देवमाणूस.
मी ताठ झालो. शेवटी काहीतरी केलं होतं तर! आता सांगणार, इतक्यात ते म्हणाले, पण सायरन वाजला आणि तो गेला बघा. गाडी सिग्नलला अडकली होती, ती येईपर्यंत पुन्हा ऊन. घाईत असेल बिचारा. कोण होता, तुम्ही पाहिलंत का?
म्हणालो, गर्दी होती फार. नीट दिसलं नाही.