खरखर काढलेली कॅसेट

३ जून

ती. ताईस,
ठोंब्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन असताना पत्र कशाला म्हणशील, तर माझा फोन सध्या टेपरेकॉर्डरच्या नोकरीला लागलाय.

निवृत्त माणसाने माळा आवरायला चढू नये, हे मला कोणी सांगितलं नाही. चढलो आणि आपला जुना कॉम्प्युटर घेऊन उतरलो. तोच, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा, ज्याच्यापुढे आपण सुट्ट्याच्या सुट्ट्या लोळून काढल्या. ही म्हणाली, भंगारात द्या. मी म्हणालो, दोन दिवसांत चालू करून दाखवतो. त्याला महिना होत आला आणि ही रोज जेवताना फार मायेने विचारते, की झाला का चालू.

आधी नवा टीव्हीच त्याला ओळख देईना. मी जन्मभर वीजबिलाच्या खिडकीत बसून लोकांना सांगितलं की आमच्याकडे तुमची नोंद नाही. आता टीव्ही मला तेच सांगत होता. मग दुकानदाराने जुना सिग्नल नव्या टीव्हीला समजावणारी एक डबी दिली. ती मी उलटी जोडली. मग सुलटी जोडली. मग कळलं की डबीलाही स्वतःची वीज लागते. वीजबिलवाल्याला हे शेवटी सुचावं, म्हणजे बघ! पण पडदा पांढरा झाला आणि खाली ती इवलीशी अक्षरं उमटली तेव्हा मी असा ओरडलो की शेजारचे विचारायला आले.

राहिली खेळाची कॅसेट. टेपरेकॉर्डर उघडला तर आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. म्हणून लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे आपली बसच्या खेळाची कॅसेट दिली. त्याने ती फोनवर वाजेल अशी करून दिली आणि म्हणाला, काका, फार खरखर होती, सगळी काढून टाकली, त्याचे वेगळे पैसे नकोत. ताई, त्या कॅसेटमध्ये खरखरीशिवाय होतं काय? ती खरखर ऐकूनच तर कॉम्प्युटर खेळ उतरवून घेतो. भल्या माणसाने आपला अख्खा खेळ धुऊन काढला आणि मला शांतता दिली. ती शांतता मी कॉम्प्युटरला दोनदा ऐकवली, पूर्ण आवाजात.

आता कॅसेट परत त्याच्याकडे आहे. ती आली की लगेच लावणार, तेव्हा तू फोनवर काही पाठवू नकोस. तुझा निरोप टुंग करून आला की तो टुंगही कॉम्प्युटर गिळेल आणि सगळंच ओकून टाकेल.

एक नाजूक गोष्ट. भावजी सांगत होते की तुला हल्ली दाराची बेल ऐकू येत नाही आणि डॉक्टरचं नाव काढलं की तू खोलीतून उठून जातेस. ताई, पियानो लावणाऱ्या बाईचं पोट कानांवर असतं. एकदा तपासून ये ना. मला काळजी वाटते.

लोभ आहेच, फक्त तो पोस्टाने पाठवावा.

तुझा,
ठोंब्या


१२ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

फोनवर विमानाचं चित्र असतं. ते दाबलं की टुंग बंद होतो. हे सगळ्या जगाला माहीत आहे. तरी पत्र लिहीत जा, मला वाचायला बरं वाटतं.

तू हाताने दुरुस्त केलेली एक तरी वस्तू आठवते का तुला? सायकलची घंटी नीट केलीस तेव्हा ब्रेक गेला होता. तुझ्या बाईसाहेबांना माझे आशीर्वाद कळव आणि सांग की टीव्हीला कुलूप लावा.

माझे कान ठणठणीत आहेत. तुझे भावजी लग्न झाल्यापासून पुटपुटतात, आता वयाने आणखी पुटपुटायला लागलेत, आणि बेलचं म्हणशील तर तिची बॅटरी उतरलीय. संगीतशाळेतले सगळे पियानो आजही मीच लावते. आणि मला कान शिकवतोस? कॅसेट चढणार की मध्येच पडणार, हे कोण सांगायचं रे? तू पडद्यावरचे पट्टे बघत तोंड उघडं टाकून बसायचास. मी डोळे मिटून सांगायची की सूर दबलाय, टेपरेकॉर्डरचा स्क्रू जरासा फिरव. एकदा चुकले असेन तर सांग.

हा विषय पुन्हा काढायचा नाही. बाकी लोभ आहे तसाच आहे, अधूनमधून कमी होतो एवढंच.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विमान दाबलं. मग तासभर ही मला बाजारातून फोन लावत होती. असो.

स्टुडिओवाल्याला म्हणालो, खरखर आहे तशी द्या. त्याने माझ्याकडे जरा दया आल्यासारखं बघितलं, पण दिली. आता खेळ चढतो, चढतो, आणि अगदी शेवटी घात करतो. मला त्या आवाजातलं काही कळत नाही. मला सगळ्या खरखरी सारख्याच.

तू कानांची एवढी बढाई मारली आहेसच, तर लाग कामाला. आवाजाचा नमुना तुझ्या फोनवर पाठवलाय. ऐक आणि कुठे चुकतंय ते लिही. खरं सांगतो, तुझ्याशिवाय हे होणार नाही. तेव्हाही झालं नव्हतं.

उत्तराची वाट बघणारा, लोभ आणि वायर दोन्ही धरून बसलेला,
ठोंब्या


२७ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

नमुना दोनदा ऐकला. सूर स्वच्छ आहे. सुरुवातीची लांब शीळ सरळ जाते, पुढची खरखर थोडी जाड वाटते. म्हणजे तू आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलायस. दोन घरं खाली आण आणि वायर फोनमध्ये पूर्ण आत ढकल, तू कधीच पूर्ण ढकलत नाहीस. चढेल.

आता कोणाच्या कानांबद्दल बोलायचं ते ठरव. लोभ या पत्रापुरता भरपूर.

तुझी,
ताई


४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं आणि खेळ चढला. वायर खरंच अर्धीच आत होती. आपली बस निघाली, पहिल्याच वळणावर मी ती खांबावर घातली. हिने बघितलं आणि म्हणाली, एवढ्यासाठी?

इथेच पत्र संपवता आलं असतं. कालपासून संपवून बघतोय, जमत नाही.

झालं असं की तुला नमुना पाठवला त्याच दिवशी आमच्या मिक्सरचा आवाज बिघडला होता. हिने तो माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवला, दुरुस्तीवाल्याला पाठवायला. दोन्ही नमुने मीच पाठवले, चष्मा न लावता. काल चष्मा लावून बघितलं, तर कॅसेटची खरखर दुरुस्तीवाल्याला गेलेली. त्याचं उत्तर आलेलं की प्लग काढा, जवळ जाऊ नका, मी माणूस पाठवतो.

आणि तुला गेला मिक्सर.

आधी मी एकटाच हसत बसलो. तुला चिडवायला जन्मभराचं साहित्य मिळालं म्हणून. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि हसू येईना. ताई, तुला काहीच ऐकू आलं नाही ना? मिक्सर वाजतोय एवढंही कळलं नाही. तू सगळं आठवणीतून लिहिलंस, आणि तरीही ते बरोबर निघालं.

मी गाढव आहे हे सिद्धच आहे, त्यासाठी तुझी परवानगी नको. पण कान दाखव. मी हात जोडतो.

रागावलीस तरी चालेल, लोभ सोडू नकोस.

ठोंब्या


१५ जुलै

प्रिय ठोंब्याराव,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही, तरी लिहितो. तुमचं पत्र आल्यावर तुमची ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा यात काय दोष ते मी विचारलं, पण पुटपुटत विचारलं असेन. तिसऱ्या दिवशी तीच पर्स घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, चला. तपासणी झाली. कानात घालायची यंत्रं यायला वेळ आहे. डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा तिने माझा हात धरला होता, हे तिला सांगू नका.

मिक्सर कसा आहे?

आपला,
भावजी


९ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुमच्याकडून निघाले ती सुखरूप पोचले. बाईसाहेबांनी माझी फार बडदास्त ठेवली, त्यांना सांग. तू मात्र निरोप देताना तोंड पाडून उभा होतास. तुझा कॉम्प्युटर बहिणीसमोर चालला नाही म्हणून. तेवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी माझं सांगते. पियानोची वरची पट्टी माझ्या हातून वर्षभर बेसूर राहत होती. संगीतशाळेच्या बाई गुपचूप दुसऱ्या माणसाकडून ती लावून घेत होत्या. मला कळलं होतं आणि कळलं नाही असं दाखवत होते. मिक्सरलाही तेच केलं. नुसती घरघर कानाशी आली, मग मनातून शीळ वाजवली आणि तुला लिहून टाकलं, वर दिमाख दाखवला. आता मी बाईंना जाऊन सांगितलं की खालच्या आणि मधल्या पट्ट्या माझ्या, वरची त्याच्याकडे राहू दे. त्यांनी मला चहा पाजला. मीच उगीच इतके दिवस घाबरले.

आता त्या संध्याकाळचं. तुझ्या फोनचा जीव नेमका तेव्हा गेला, म्हणून तू खेळ माझ्या फोनवर घेतलास आणि वायर खुपसलीस, या वेळी पूर्ण. पडदा ढिम्म. तू डबी काढलीस, घातलीस, टीव्हीला थोपटलंस, शेवटी त्याची समजूत काढायला लागलास. बाईसाहेब म्हणाल्या, पाहुण्यांसमोर तरी नको.

ठोंब्या, तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्या फोनची गाठ माझ्या कानातल्या यंत्रांशी बांधलेली आहे. वायर असो नसो, त्याचा आवाज आधी माझ्याकडे येतो. तू सुरू केलंस आणि सगळी कॅसेट माझ्या कानात वाजायला लागली.

मला लगेच कळलं. सांगायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ती लांब शीळ आली, अगदी वरची, जी मला यापुढे कधी मिळणार नाही असं मी मनाशी धरून चालले होते. मग सांगायचं राहूनच गेलं. तू टीव्हीमागे डोकं घालून होतास आणि मी खुर्चीवर बसून सगळी खरखर ऐकत होते. पहिल्यापासून, एकही कण न सोडता. डोळे भरून आले ते तू बघितलंस. तुला वाटलं मी खेळासाठी रडते. तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेतली, यासाठी मला पाप लागेल.

तेव्हा कॉम्प्युटर भंगारात देऊ नकोस, आणि त्या स्टुडिओवाल्याला दिलेले पैसे फुकट गेले असंही समजू नकोस. पुढच्या वेळी आले की तुझ्याच फोनवर लाव, बस मी चालवीन. लोभ किती आहे ते आता वेगळं लिहीत नाही.

कॅसेटीत काही दोष नाही रे. सूर शेवटपर्यंत स्वच्छ आहे. या वेळी ऐकून सांगते.

तुझी,
ताई