आमच्या हिरवळीची ट्रायल

कुरुळी,
बुधवार

ती. कस्तुरा आत्यास,

श्रद्धाचा सविनय जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेला शेक घेतेस, की जरा बरं वाटल्याबरोबर जिने चढायला लागलीस? आम्ही दोघं ठीक आहोत. (आधी ‘मजेत आहोत’ असं लिहिलं होतं. पण पाटीवर पहिलं अक्षर तूच गिरवून घेतलंस आणि खरं तेवढंच लिहायचं हेही तूच शिकवलंस, म्हणून खोडलं.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोन लावला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझी वाक्यं पूर्ण करतात.

तुला माहीतच आहे, येत्या सोमवारी मला नाशिकला नोकरीवर रुजू व्हायचंय. पाइप ओढताना बाबांच्या कमरेत उसण भरली, तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना वाकायची मनाई केली आहे. हिरवळीला दोन्ही वेळा पाणी मी घालते. मी गेल्यावर बाबा पुन्हा पाइप उचलणार आणि अंथरुणाला खिळणार, या विचाराने मला घास उतरेना. म्हणून ठरवलं, आपोआप चालणारे फवारे बसवायचे आणि निर्धास्त जायचं. आत्या, ‘निर्धास्त’ हा शब्द या पत्रात पुन्हा येणार नाही.

दुकानदार म्हणाला होता, आमचा माणूस दोन तासांत बसवून देईल. पण एकतीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाच्या अंगणात बाहेरचा माणूस खड्डा कसा खणणार? बाबांनी मेंटेनन्समधून निवृत्त झालेल्या कोंडाजीकाकांना बोलावलं. “पोरी, कंपनीत कूलंटची लाइन टाकलीय आमी,” काका मला म्हणाले, “ह्ये तर नुसतं गवत हाय.” त्या नुसत्या गवतासाठी (चार खाटा मावतील एवढं आहे ते) तीन पानी ड्रॉइंग झालं. बाबांनी काढलं, काकांनी तपासलं, मग काकांनी सुधारलं आणि बाबांनी तपासलं. ‘ग्राहक’ म्हणून माझी सही घेतली. यात आठ दिवस गेले आणि तेवढे दिवस अंगणात चर खणून ठेवलेला असल्यामुळे मी उड्या मारत पाणी घालत होते.

पहिल्यांदा पंप चालू केला तेव्हा पाण्याचा जोर इतका होता की एक नोझल उडून थेट शेजारच्या इंदुताईंच्या गच्चीवर गेलं. “अहो साहेबराव,” त्या वरून बाबांवर ओरडल्या, “कुरडया वाळत घातल्यात मी, भिजत न्हाई!” मी माफी मागायला गेले. (दोनदा गेले. पहिल्यांदा मी नीट मागितली नाही असं मला वाटत राहिलं.)

मग बाबांनी रीतसर ट्रायल ठेवली. कंपनीतले जुने सोबती बोलवायचे, तर सगळ्यांना जमेल असा वार एकच, सुट्टीचा गुरुवार. आता गुरुवारी सुट्टी का असते, हे या कारखान्यांच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी लाइट नसते! पण सुट्टी पाळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. आणि मी, जी गॅस बंद केला का हे चार वेळा बघते, तिच्याही आलं नाही. सकाळी दहाला इस्त्रीचे शर्ट घालून नऊजण आले, फीत कापली गेली, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. जेवणं झाली. दुपारी साडेबाराला लाइट आली, बटण दाबलं, सगळं सुरळीत चाललं, टाळ्या वाजल्या. मी चक्क पेढे वाटले.

मात्र लाइट गेली की त्या टायमरचं घड्याळ शून्यावर जातं. त्याच्या मते साडेबाराला मध्यरात्र झाली होती. म्हणजे त्याचे पहाटेचे सहा आपल्या संध्याकाळी साडेसहाला वाजले, आणि त्या वेळी नऊच्या नऊजण हिरवळीवर खुर्च्या टाकून चहा पीत होते. मी छत्री घेऊन धावले. आत्या, एकही माणूस उठला नाही. चष्म्यांवरून पाणी ओघळतंय, कपात चहा वाढत चाललाय, आणि हे म्हणताहेत, “थेंब जरा जाड पडतोय, नाही?” कोंडाजीकाकांनी तर भिजत भिजत मिनिटं मोजली.

आता टायमरमध्ये बॅटरी टाकली आहे. (ती टाकायची, हे माहितीपुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. ते पान मी दोनदा वाचलं होतं.) गेल्या शुक्रवारपासून फवारे ठरल्या वेळी सुटतात, ठरल्या वेळी थांबतात. तेव्हा माझी काळजी करू नकोस. गुडघ्यांना जप.

तुझी,
श्रद्धा

ता. क. काळजी कर. बाबा साडेपाचलाच उठून पायरीवर बसतात. सहाला पाणी सुटतं, ते बघतात. सव्वासहाला थांबतं, तरी बघत राहतात. काल म्हणाले, “छान झालं गं, आता मला काही कामच नाही.” हे ऐकून मी नाशिकला कशी जाऊ? रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी असं चाललंय मनात. तू सांगशील ते करीन.

ता. क. दोन. काय लिहितेस, असं बाबांनी विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून पत्र हातात दिलं. पुढचं अक्षर त्यांचं आहे.

अक्का, पोरीचं ऐकू नकोस. तारीख बदलायची नाही, सोमवारी मीच तिला गाडीत बसवून देणार. तू रविवारी ये, तिच्या खोलीत झोप. येताना हलकीशी झारी घेऊन ये, न वाकता धरता येईल अशी. गेटाजवळचा कोपरा कोरडा राहतो. फवारा तिकडे वळवणं दोन मिनिटांचं काम आहे, पण कोंडाजीला मी हात लावू दिला नाही.