माझं मशीन, ताईचं नाव

३ नोव्हेंबर
परत बंद पडला! नवा कोरा कॉम्प्युटर, एकेक पार्ट निवडून माझ्या हाताने जोडलेला — आणि खोलीचं थ्रीडी चित्र तयार होताना, रेंडर अर्ध्यावर आलं की निळा पडदा. मग आपोआप रीस्टार्ट. सिविल लाइंसच्या बंगल्याचा हॉल सजल्यावर कसा दिसेल ते दाखवायचंय, इंटीरियरवाले आनंद भैया रोज फोन करून राहिले. हे काम गेलं तर पुढचं कोण देणार?

अण्णा पेपरातून मान न उचलता — "अमिताला दाखव ना. इंजिनियर आहे ती."

ताईला? नाही दाखवणार!

४ नोव्हेंबर
ताई दिवाळीला बंगलोरहून आली, ती इथेच आहे. घरूनच काम करणार म्हणे. दिवसभर खोलीचं दार बंद. आई सगळ्यांना दबक्या आवाजात सांगते, "मीटिंग चालू आहे तिची." आज तिच्यासाठी पाटवडीचा रस्सा. मी जन्मभर रांझीच्या याच घरात आहे, मला कोणी विचारलं का, प्रणोती, तू काय खाशील?

आधी ताईचे मार्क, मग ताईचं कॉलेज, मग ताईचं पॅकेज. कॉम्प्युटर उघडून जोडणं तेवढं तिला येत नाही. त्या एका गोष्टीत मी पुढे होते. आणि तोच दगा देऊन राहिला!

५ नोव्हेंबर
तापमान बघितलं, ठीक. दुकानातल्या पियूष भैयाने दुसरा पॉवर सप्लाय लावून बघायला दिला. "दीदी, बोर्ड ही गड़बड़ लग रहा है." तरी तेच. निळा पडदा.

६ नोव्हेंबर
रॅमची टेस्ट लावली. लाल चुकांची रांग! मग एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. एका खाचेत दोन्ही पट्ट्या नीट चालतात, दुसरीत दोन्ही चुकतात. म्हणजे रॅम चांगली आहे. मग बोर्ड?

ताई दारात आली. "रॅम काढून बघितली का गं?"

"बघितली."

जाईना. "मी बसू का तुझ्याजवळ?"

"काहून? तुला काम नाही?"

गेली. बरं झालं. बसली असती तर तिनेच शोधून काढलं असतं, माहीत आहे मला.

७ नोव्हेंबर
सापडलं!! प्रोसेसरवरचा कूलर मी एका बाजूने जास्त आवळला होता. समोरचा स्क्रू जवळजवळ सैल. प्रोसेसर तिरपा दाबला जात होता, म्हणून रॅमच्या त्या खाचेशी त्याचा नीट संपर्क होत नव्हता. इंटरनेटवर कोणाला तरी हेच झालं होतं. सगळं काढलं, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले.

टेस्टमध्ये एकही चूक नाही. हॉलचं रेंडर पूर्ण! खिडकीतून ऊन फरशीवर कसं सांडलंय! आनंद भैयांना पाठवलं. "बढ़िया!"

मी! मी केलं!

८ नोव्हेंबर
चहा घेऊन अंगणात गेले तर अण्णा शेजारच्या मुरलीधर काकांना सांगून राहिले होते — "छोटीचा बंदच पडत होता ना, अमिताने ठीक करून दिला. अरे, मोठ्या कंपनीत आहे ती!"

काका म्हणाले, "वा, वा."

ताई तिथेच तुळशीपाशी उभी. एक शब्द बोलली नाही. एक शब्द! मान खाली घालून उभी राहिली आणि माझं श्रेय खिशात घातलं.

चहा ठेवला आणि आत आले. आयुष्यात तिला एकदा तरी नापास झालेलं बघायचं आहे मला. लिहिलं. खोडणार नाही.

९ नोव्हेंबर
अबोला. आई म्हणते, "काय झालं?" काही नाही.

१० नोव्हेंबर
ताईची नोकरी गेली आहे. दिवाळीच्या आधीच. लॅपटॉपसुद्धा कंपनीने परत घेतला. बंद दाराआड नुसती बसून असते ती. माझ्या पलंगावर येऊन सांगितलं — "अण्णा किती खूश होते गं परवा. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं."

उद्या दुपारी तिची व्हिडिओवर मुलाखत आहे. माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर. दोनदा टेस्ट लावून झाली, आता तिसऱ्यांदा लावली आहे. बंद पडू नको रे बाबा!