मागच्या दाराची चावी

३ मार्च, मंगळवार
ठरलं! स्पॅनिश शिकायचंच.
काल धुलाईखान्यात वाफेची नळी फुटली. सगळ्या जणी मागच्या दाराकडे धावल्या — दाराला कुलूप! घड्या घालणारीचा हात कोपरापर्यंत भाजला. चादरी चोरीला जातात म्हणून मालकाचा हुकूम: काम चालू असताना दार बंद. चावी माझ्या कमरेला. मी इथली मुकादम पडले ना. चावी नाकारली तर मी बाहेर, आणि आत राहिले तरच लढता येतं.
दार उघडं ठेवा, या तक्रारीवर सह्या करायला बायका घाबरतात. तेरा तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्यासमोर बोलणार. त्यांच्याच भाषेत, स्पॅनिशमध्ये! वीस वर्षं संघटनेची भाषणं ठोकतेय. एवढं जमलंच पाहिजे.

५ मार्च, गुरुवार
पुस्तक इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेलं. धडा सातवा — बंधन कसं सांगावं. इंग्रजीतला एक ‘मस्ट’ घेऊन आलात तर इथे तीन वाटा फुटतात, असं लेखक बजावतो. ‘तेंगो के’ — मला करावंच लागतं. ‘देबो’ — ते माझं कर्तव्य आहे. ‘आय के’ — करायला हवं. कुणी, ते गुलदस्त्यात! हे तिसरं नक्की पुढाऱ्यांनी शोधलं असणार.

८ मार्च, रविवार
कांदा चिरताना घोकत होते. हे म्हणाले, “कांद्यालाही संपावर नेतेस की काय?”

१० मार्च, मंगळवार
इस्त्रीवाली उच्चार सुधारून देते. साठीची, तोंडाने फटकळ. “जीभ आहे की लाकडाची फळी, मुकादमबाई?” दहादा म्हणायला लावलं. अकराव्यांदा मान डोलावली. भाषण तिला दाखवलं नाही. शुक्रवारीच ऐकू दे!

१३ मार्च, शुक्रवार
बोलले. एकदाही अडखळले नाही. ‘तिएनेन के’ — तुम्हाला करावंच लागेल! सही करावी लागेल, उभं राहावं लागेल, भीती गिळावी लागेल! टाळ्यांची वाट बघत थांबले.
इस्त्रीवाली उठली. हळूहळू बोलली, मला कळावं म्हणून. “छान बोललीस. सगळं आम्हीच करायचं. आणि तू?” तिने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. घड्या घालणारी हसली नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बघत राहिली.
एकही सही नाही.
घरी आल्यावर भाषण पुन्हा वाचलं. सोळा वेळा ‘तुम्ही’. ‘मी’ एकदाही नाही. वीस वर्षांत किती भाषणं झाली असतील अशी! आत राहून लढते म्हणे — आत राहून कुलूपच लावत होते.
तेंगो के. देबो. दोन्ही.

१४ मार्च, शनिवार
सात वाजता मागचं दार उघडलं. चावी मालकाच्या टेबलावर ठेवली. सात वाजून दहा मिनिटांनी नोकरी गेली.
त्याच दाराने बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी मागे वळून पाहिलं — इस्त्रीवाली आणि आणखी तिघी दार बिजागऱ्यांवरून उचलून भिंतीला टेकवत होत्या.