तडकलेली कडी

मुंबई, १२ जून १९५९

प्रिय रुक्मिणी,

तुझी कोकमं आणि सुके बांगडे पोचले. वासाने शेजारचे दार लावून बसले, मी मात्र दोन घास जास्त जेवलो.

तू विचारलंस, वायरमन म्हणून गेलेला नवरा तिथे नक्की करतो काय. ऐक. इथे गणितं सोडवणारं यंत्र बांधतायत, कपाटांच्या रांगेएवढं. त्याची स्मरणशक्ती म्हणजे मोहरीएवढ्या चुंबकी कड्या, एका चौकटीत हजारभर, आडव्या-उभ्या तारांत ओवलेल्या. प्रत्येक कडी एकच गोष्ट लक्षात ठेवते, हो किंवा नाही. एका आडव्या आणि एका उभ्या तारेतून अर्धी अर्धी वीज सोडली, की त्या जिथे भेटतात तेवढीच कडी पालटते, बाकीच्या ढिम्म. आणि गंमत म्हणजे, तिला विचारलं की ती विसरते! यंत्राला लगेच पुन्हा सांगावं लागतं. हे डोक्यात शिरायला मला चार महिने लागले. शिरलं त्या दिवशी कधी एकदा कुणाला सांगतो असं झालं, आणि तू जवळ नव्हतीस.

गेल्या महिन्यात एक चौकट सारखी चुकू लागली. तीन दिवस शोधल्यावर मधोमध एक कडी तडकलेली सापडली. आमचे भागवतसाहेब म्हणाले, टाकून द्या, नवी ओवा. मी म्हटलं, थांबा. जाळं जिथे फाटलं तेवढंच कसं सोडवायचं, हे तूच शिकवलंस ना, माझ्या गाठींना हसत हसत? तसंच केलं. त्या कडीतल्या तेवढ्याच तारा काढल्या, नवी कडी बसवून पुन्हा ओवल्या. दुपारी वीज सोडली आणि उत्तर बरोबर आलं! साहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? माझ्या तोंडून गावचंच निघालं, "माझ्या बायलेन." सगळे हसले. मला बरं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. साहेबांनी मला त्यांच्या वर्गात घेतलंय. नुसत्या तारा जोडायला नाही, यंत्राची आखणी शिकायला. दोन वर्षं लागतील. दिवाळीला परत येऊन होडी सांभाळीन, असा शब्द मी तुझ्या आबांना दिलाय. त्यांना अजून काही कळवलेलं नाही. आधी तुला विचारतोय. तू 'ये' म्हणालीस तर येईन, मनात काही न ठेवता. पण इथे एक खोली बघितलीय. माणसं किती, असं मालकिणीने विचारलं, आणि मी पटकन 'दोन' म्हणून गेलो. माका खोटो पाडू नको गो.

तुझाच,
हरिश्चंद्र