गिरीजच्या बावखलाची सात नावे

मी, जयवंत काशीराम चुरी, वय ७८, धंदा वाडी, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी कानाशी लागलेले नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कलम तीन वाचून माझ्या मुलाला, मितेशला, त्या दाखल्याची शंका येईल, म्हणून दोन डॉक्टरांचे जोडले आहेत.

१. राहते घर व मागची केळीची वाडी मितेशला.

२. बँकेतली ठेव सून मनालीला, एकटीच्या नावे. माझ्या आजारपणात तिनेच केले. कोयता मात्र ज्याला केळीचा लोंगर नीट उतरवता येतो त्याला द्यावा. मितेशला येत नाही.

३. वाडीलगतचे बावखल, म्हणजे आमचे गोड्या पाण्याचे तळे. वडिलांच्या वेळी त्यावर सात घरांची नावे होती. दर मे महिन्यात सातही घरे गाळ काढायला उतरत. गाळ वाड्यांत जाई, दुपारी सुक्या बोंबलाचे कालवण सगळ्यांचे एकत्र होई. रहाटाची कुरकुर दिवसभर चाले. ती फार आठवते.

१९८९ साली मी एक व्याख्यान ऐकले. जे सगळ्यांचे ते कोणाचेच नसते, मालक एक असला की निगा राहते, असे ते गृहस्थ म्हणाले. मला पटले. सहा घरी फिरून मी हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या आणि पाणी टँकरवाल्यांना विकू लागलो. शेजारचा इग्नेशियस एवढेच म्हणाला, "जयवंत, पानी तुझं झालं, तर गाळ पन तूच काढ." पुढच्या मे महिन्यात कोणी आले नाही. काही वर्षे मी मजूर लावले, मग तेही सोडले. त्या व्याख्यात्यावर माझा राग आहेच, पण सह्या मी घेतल्या होत्या.

आता तिथे शेवाळ आहे आणि भराव घालून इमारत बांधू पाहणारे मितेशकडे येतात. तो म्हणतो, "पप्पा, फक्त एका सहीचं काम आहे. डास तरी जातील." डासांचे त्याचे म्हणणे खरे आहे.

तरी बावखल मी त्याच सात घरांना समाईक देतो. सहा ती, सातवे मितेशचे. यादी सोबत आहे. वकीलबाई म्हणतात, 'विकू नये' ही अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिको. विकायला आता सातही घरांच्या सह्या लागतील. त्या सहा सह्या गोळा करायला मला चौदा महिने लागले होते, आणि तेव्हा सगळे गिरीजमध्येच राहत होते.

४. माझ्या तेराव्याचे जेवण घालू नये. त्या खर्चात त्यानंतर येणाऱ्या मे महिन्यात गाळ काढणाऱ्यांना जेवू घालावे. पहिली पाटी मितेशने उचलावी.

साक्षीला मी इग्नेशियसला बोलावले होते. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही, म्हणून वकीलबाईंनी त्याला बाजूला बसवले. काय मिळणार ते त्याला तेव्हाच कळले. तो म्हणाला, "घमेली कोनाकडं हायत आता?"

गिरीज, ११ मे २०२५
सही: जयवंत काशीराम चुरी
साक्षीदार: १. क्लारा डाबरे २. जितेश म्हात्रे